बंद दारामागची शाळा

‘आमची मुलगी घरीच शिकते,’ असे कोणी पालक सांगतात तेव्हा हे काहीतरी नवे खूळ असावे असे आपल्याला वाटते. स्वमग्न, म्हणजेच ऑटिझम असलेल्या मुलांच्या बाबतीत मात्र ही गोष्ट बरीच जुनी आहे. तिची सुरुवात हौसेतून झालेली नाही.

१९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने ११ मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. ही मुले माणसांपेक्षा वस्तूंत रमत. रोजच्या क्रमात जराही बदल झाला तर ती अस्वस्थ होत. असे का होते, हे तेव्हा कोणालाच सांगता येत नव्हते. मग दोष आईच्या माथी आला. आईच्या मायेत ऊब नाही म्हणून मूल मिटून गेले, असे तज्ज्ञ म्हणू लागले. शिकागोच्या ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या पुस्तकातून हे मत घरोघरी पोचवले. मुलाला आईवडिलांपासून दूर ठेवावे, असा त्यांचा उपाय होता.

त्याच वर्षी ‘द सीज’ म्हणजे ‘वेढा’ हे पुस्तक आले. लेखिका क्लारा क्लेबोर्न पार्क मॅसॅच्युसेट्स राज्यात राहणाऱ्या, इंग्रजीच्या शिक्षिका. १९५८ साली जन्मलेली त्यांची धाकटी मुलगी जेसिका स्वमग्न होती. मुलीला दूर न पाठवता क्लाराबाईंनी तिला घरीच शिकवले. ती काय करते, कशाकडे वळते, कशापासून पळते हे त्या बारकाईने टिपत. एकेक कौशल्य लहान लहान पायऱ्यांत मोडून तिच्यापुढे ठेवत.

जेसिकाला आकड्यांची विलक्षण ओढ होती. ती मोठी झाल्यावर घरच्यांनी या ओढीचाच उपयोग केला. गोल्फमध्ये फटके मोजण्याचे छोटे यंत्र तिच्या हाती दिले आणि ठरलेल्या चांगल्या वागणुकीचे गुण ती स्वतःच मोजू लागली. पुढे ती चित्रकार झाली आणि एका कॉलेजच्या टपालखोलीत नोकरीही करू लागली. ती ‘बरी’ झाली नाही, स्वमग्नच राहिली. पण शिकत राहिली.

विज्ञानात काम करणाऱ्या आम्हांला या इतिहासातली एक गोष्ट खटकते. आईवर ठपका ठेवणाऱ्यांकडे ठाम मत होते, पण पुरावा नव्हता. स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ साली या मताची चिरफाड करून कारण जैविक असल्याचे मांडले. १९६९ साली पालकांच्या सभेत खुद्द कॅनर यांनी आईवडिलांना दोषमुक्त केले. १९७७ साली सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी २१ जुळ्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ११ एकसारख्या जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही भावंडे स्वमग्न होती. १० भिन्न जोड्यांत अशी एकही नव्हती. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे यातून दिसले.

आणि शाळा? अमेरिकेच्या संसदेने १९७५ साली अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा केला. अशी दहा लाख मुले सरकारी शाळांच्या पूर्णपणे बाहेर आहेत, असे त्या कायद्यातच नोंदवलेले आहे. तोवर अनेक घरांत शाळा भरे ती दुसरा मार्गच नव्हता म्हणून. १९७७ साली जॉन होल्ट या शिक्षकाने मुलांना शाळेविना वाढवणाऱ्या पालकांसाठी नियतकालिक सुरू केले. घरात वर्ग भरवू नका, मुलाच्या कुतूहलामागे चला, असे ते सांगत. याला त्यांनी ‘अनस्कूलिंग’ म्हटले. आता घर ही निवडही होऊ शकत होती.

आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि बहुविकलांग व तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय मिळाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आणि अध्ययन-अक्षमता यांचा समावेश झाला.

कागदावर हा पर्याय आहे. पण आपल्या हजेरीपटावरचे एखादे नाव ‘घरी शिकतो’ म्हणून गळते, तेव्हा ते पालकांनी निवडले की आपण त्यांना तिकडे ढकलले, हे तपासायला हवे. आणि मूल शाळेत असो वा घरी, त्याच्या आईने टिपलेली वही एकदा मागून वाचावी. क्लाराबाईंना जे दिसले ते तज्ज्ञांना पुष्कळ उशिरा दिसले.