दोन टोकांचा समझोता

हाय-व्होल्टेज डीसी पारेषणाची कुळकथा बहुतेक वेळा व्हॉल्व्हची कथा म्हणून सांगितली जाते. आधी पाऱ्याचे व्हॉल्व्ह आले, मग थायरिस्टर, मग आयजीबीटी. ही वंशावळ खरी आहे, पण अर्धी. व्हॉल्व्ह हा स्नायू आहे. त्याला नेमक्या कोणत्या क्षणी हुकूम द्यायचा आणि वाहिनीच्या दोन टोकांपैकी कोणी काय सांभाळायचे, हा विचार झाला नसता तर ते व्हॉल्व्ह प्रयोगशाळेबाहेर पडलेच नसते. त्या विचाराचे कूळ शोधायचे तर थेट १९०६ च्या फ्रान्समध्ये जावे लागते.

एसीने बाजी मारून तेव्हा दशक उलटले होते. तरी रेने थ्युरी या स्विस अभियंत्याच्या पद्धतीने आल्प्समधल्या मूतिए गावाजवळची जलविद्युत लिऑन शहरापर्यंत डीसीवर नेली गेली. सुमारे १८० किलोमीटरचे अंतर, ५७.६ किलोव्होल्टपर्यंतचे व्होल्टेज. थ्युरीने जनित्रे एकापुढे एक जोडली आणि नियम केला की करंट ७५ अँपिअरवर कायम ठेवायचा. मागणी वाढली तर व्होल्टेज वाढवायचे. फिरत्या यंत्रांची ही व्यवस्था देखभालीला जड होती आणि १९३६ मध्ये ती थांबली. पण डीसी वाहिनीत आधी करंट आवरावा लागतो, ही जाण तिथेच दिसते.

तसे का, हे साध्या हिशेबाने कळते. लांब डीसी वाहिनीचा रोध अगदी कमी असतो. समजा, दोन टोकांच्या व्होल्टेजमध्ये फक्त ३ टक्क्यांचा फरक आहे आणि तेवढ्यावर पूर्ण करंट वाहतो आहे. पलीकडच्या शहरात कुठे बिघाड होऊन तिथले व्होल्टेज आणखी ३ टक्के उतरले की करंट दुप्पट व्हायला निघतो. पाऱ्याच्या किंवा सिलिकॉनच्या व्हॉल्व्हला हे सोसत नाही. त्यामुळे आवर घालायचा तो काही सहस्रांश सेकंदांत.

पाऱ्याच्या व्हॉल्व्हला ग्रिड, म्हणजे नियंत्रणाची जाळी, बसवल्यावर ही चपळाई शक्य झाली. स्वीडनच्या आसेआ कंपनीतल्या उनो लॅम यांनी १९२९ पासून या व्हॉल्व्हवर काम केले आणि मधल्या इलेक्ट्रोडांच्या मदतीने तो उच्च व्होल्टेज सोसेल असा बनवला. १९५४ मध्ये स्वीडनची मुख्य भूमी आणि गॉटलंड बेट यांच्यामध्ये समुद्रतळाच्या केबलने १०० किलोव्होल्टवर २० मेगावॅट वीज जाऊ लागली. व्यापारी डीसी पारेषणाचे आधुनिक युग तिथून मोजतात.

या व्हॉल्व्हचा स्वभाव मात्र एकांगी होता. त्याला सुरू करणे आपल्या हाती, बंद करणे नाही. करंट शून्यावर आला तरच तो बंद पडे. पुढे आलेल्या थायरिस्टरनेही हाच स्वभाव घेतला. म्हणजे नियंत्रणाला एकच गोष्ट उरली: सुरू करण्याचा क्षण. एसीच्या लाटेत तो क्षण जितका उशिरा, म्हणजे फायरिंग अँगल जितका मोठा, तितके सरासरी डीसी व्होल्टेज कमी. कोन ९० अंशांच्या पुढे गेला की व्होल्टेज उलटे होते आणि तोच कन्व्हर्टर डीसीची वीज एसीत ओतू लागतो. एसीचे डीसी करणारा रेक्टिफायर आणि डीसीचे एसी करणारा इन्व्हर्टर ही दोन यंत्रे नाहीत. एकाच यंत्राचे ते दोन कोन आहेत.

इन्व्हर्टरच्या टोकाला आणखी एक पथ्य असते. बंद झालेल्या व्हॉल्व्हवर पुन्हा व्होल्टेज चढण्याआधी त्याला सावरायला वेळ हवा. हा वेळ साधारण १८ अंशांचा धरला, तर ५० हर्ट्झला तो बरोबर एक मिलिसेकंद भरतो. तो मिळाला नाही तर व्हॉल्व्ह भलत्या वेळी वाहू लागतो आणि काही क्षण वीज पोहोचतच नाही.

या सगळ्यावर अभियंत्यांनी जो तोडगा काढला, तो मला या तंत्रातला सर्वांत देखणा वाटतो. नेहमीच्या स्थितीत रेक्टिफायरने करंट सांभाळायचा. इन्व्हर्टरने आपला सावरण्याचा कोन कमीत कमी ठेवून व्होल्टेज सांभाळायचे. शिवाय इन्व्हर्टरलाही करंटचा हुकूम द्यायचा, पण रेक्टिफायरपेक्षा सुमारे १० टक्क्यांनी कमी. एरवी हा दुसरा हुकूम निजलेला असतो. रेक्टिफायरकडचे एसी व्होल्टेज कोसळले आणि त्याला करंट टिकवता आला नाही, तर करंट त्या १० टक्क्यांनी उतरतो आणि इन्व्हर्टर आपसूक तो हाती घेतो. वीज थोडी कमी होते, थांबत नाही. शेकडो किलोमीटरवरच्या दोन केंद्रांना त्या क्षणी एकमेकांशी बोलावेही लागत नाही. संदेशवहन लागते ते हुकूम बदलताना. तिथेही शिस्त अशी, की करंट वाढवायचा तर आधी रेक्टिफायरने वाढवायचा आणि कमी करायचा तर आधी इन्व्हर्टरने, म्हणजे मधले अंतर कधी पुसले जात नाही.

एक दुखणे उरले होते. सुरुवातीच्या योजनांत प्रत्येक व्हॉल्व्हचा क्षण त्याच्या त्याच्या फेजच्या व्होल्टेजवरून ठरे. एसीची लाट थोडी विद्रूप झाली की क्षण मागेपुढे होत, त्यातून नवे हार्मोनिक, म्हणजे मूळ लाटेच्या पटीतल्या उपलाटा, उपजत आणि ते लाटेला अधिक विद्रूप करत. भजनात टाळकरी शेजाऱ्याकडे पाहून टाळ वाजवू लागले तर ठेका बिघडतो. सगळ्यांनी पखवाज धरला तरच जुळतो. इंग्लंडमधल्या जे. डी. एन्सवर्थ यांनी १९६८ मध्ये मांडलेला फेज-लॉक्ड ऑसिलेटर हा तो पखवाज ठरला. सर्व व्हॉल्व्हना समान अंतराने ठोके मिळू लागले आणि लाटेची विकृती हुकुमात झिरपायची थांबली. १९७२ मध्ये कॅनडातले ईल रिव्हर केंद्र पूर्णपणे थायरिस्टरवर उभे राहिले. त्यानंतर व्हॉल्व्ह बदलले तरी समान अंतराच्या ठोक्यांचे तत्त्व कायम राहिले.

हे कूळ भारतात आले ते १९८९ मध्ये विंध्याचलच्या बॅक-टु-बॅक, म्हणजे दोन्ही टोके एकाच जागी असलेल्या, केंद्राने. महाराष्ट्राच्या वाट्याला चंद्रपूर ते पडघे ही ७५२ किलोमीटरची, ±५०० किलोव्होल्टची आणि १५०० मेगावॅट क्षमतेची वाहिनी आली. कोळसा विदर्भात, मागणी कोकणपट्टीत. त्या दोघांमध्ये हाच समझोता काम करतो.

१९९७ मध्ये स्वीडनच्या हेल्शॉन इथे ३ मेगावॅटच्या छोट्या वाहिनीवर आयजीबीटी वापरले गेले. हा व्हॉल्व्ह हुकमाने बंदही होतो. त्यामुळे सावरण्याच्या मिलिसेकंदाची धास्ती संपली आणि दुबळ्या एसी वीजजाळ्यालाही डीसी जोडता येऊ लागले. पुढे जर्मनीतल्या राइनर मार्क्वार्ट यांच्या मॉड्युलर रचनेत शेकडो कपॅसिटरांपैकी कोणता केव्हा घ्यायचा, हे क्षणोक्षणी ठरवणे हेच नियंत्रणाचे काम बनले. मुंबईसाठीची कुडूस–आरे ही १००० मेगावॅटची वाहिनी या आयजीबीटीच्या पिढीतली आहे. तरीही मूळ प्रश्न सुटलेला नाही, तो नव्या रूपात उभा आहे. आता एक टोक डीसी व्होल्टेज धरते, दुसरे किती वीज न्यायची ते ठरवते.

व्हॉल्व्हच्या पिढ्या बदलल्या, कामाची वाटणी टिकली. म्हणून वीज शिकवणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे: विद्यार्थ्यांना व्हॉल्व्हची आकृती दाखवण्याआधी दोन टोकांनी जबाबदारी कशी वाटून घेतली ते शिकवा. डीसी पारेषण ज्याच्या जिवावर उभे आहे, तो शोध हा आहे.