कोरडा पेटलेला बंब

रोह्याचे आमचे जुने घर गेल्या वर्षी रिकामे केले, तेव्हा मागच्या पडवीत तांब्याचा बंब निघाला. भंगारवाला वजनकाटा घेऊनच आला होता. बंब द्यायचा नाही म्हटल्यावर त्याने विचारले, "चालू आहे का?" मला उत्तर देता येईना. बंब पेणला राहत्या घरी आणला आणि अंगणात पेटवून पाहिला. तीन दोष दिसले. तळाशी पाणी ठिबकत होते, पाणी तापता तापत नव्हते आणि धूर वर जाण्याऐवजी खालच्या तोंडातून बाहेर येत होता. या तीन दोषांच्या मागे लागलो आणि बंबाचा इतिहास निराळ्याच बाजूने दिसू लागला.

आधी शब्द पाहू. 'बंब' या शब्दाचे नाते पोर्तुगीज 'बोंबा'शी, म्हणजे पाणी उपसायच्या पंपाशी जोडले जाते. आपला 'आगीचा बंब' त्याच अर्थाचा. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते आणि तिथला चौलचा कोट १५२१ पासून १७४० पर्यंत पोर्तुगीजांकडे होता. असा शब्द आमच्या खाडीने वर आला असेल, असे वाटणे साहजिक आहे. पण शब्द परका म्हणून वस्तूही परकी, असे ठरत नाही. मधोमध विस्तवाची नळी आणि भोवती पाणी, ही रचना रशियातल्या समोवारचीही आहे. नळीच्या तळाशी जाळी, जाळीखाली राखेची जागा, बाजूला पितळी तोटी, एवढाच बंबाचा संसार.

बंबाला घरचा बॉयलर म्हणतात, पण बॉयलरमध्ये वाफ कोंडलेली असते; बंबात ती कोंडत नाही. हा फरक कायद्यालाही महत्त्वाचा वाटला. कलकत्त्यात १८६३ साली बॉयलर फुटून माणसे दगावली, तेव्हा पुढच्याच वर्षी बंगालमध्ये तपासणीचा कायदा झाला. १९२३ च्या भारतीय बॉयलर कायद्याने पाच गॅलनांहून मोठी, दाबाखाली वाफ तयार करणारी बंद भांडी तपासणीखाली आणली. आज रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतल्या बॉयलरची कुंडली कागदावर सापडते. बंबाचा कागद कुठेच नाही. मग त्याचा तपासनीस कोण होता?

तळाची गळती घेऊन मी पेणच्या एका वृद्ध कारागिराकडे गेलो. त्यांनी बंब उलटा केला आणि बोटाने सांधा चाचपला. मूळ सांधे पितळी डाखाचे होते, पण तळाशी हातभर लांब असा कथील-शिशाचा मऊ डाख होता. "हा नंतरचा," ते म्हणाले. "एकदा कोरडा पेटलाय हा." कारण साधे आहे. बंबात पाणी असेल तोवर पत्रा शंभर अंशांच्या फारसा वर जात नाही, कारण विस्तवाची उष्णता पाणी ओढून घेते. पाणी नसेल तर तोच पत्रा बघता बघता तापतो आणि सांधे उकलतात. मऊ डाख तर १८३ अंशांपुढे वितळूच लागतो. तांबे वितळायला हजाराहून अधिक अंश लागतात. त्यामुळे बंब मरत नाही, फक्त सांध्यात सुटतो.

पाणी उशिरा तापण्याचे कारण आत होते. विहिरीच्या पाण्यातल्या क्षारांचा पांढरा थर नळीवर बसला होता. उष्णता वाहून नेण्यात तो तांब्याच्या पासंगालाही पुरत नाही. चिंचेच्या आंबट पाण्याने तो हळूहळू सुटला. धुराचे कारण जाळीत होते. राख साचून जाळी बुजली, की खालून वारा येत नाही आणि धूर उलटा फिरतो.

एवढी माहिती घेऊन मी काकूंकडे गेलो. काकू आता ऐंशीच्या पुढे आहेत. मी क्षार, जाळी असे सांगू लागताच त्या म्हणाल्या, "अरे, त्यात काय? पाणी तापत आलं की बंब गुणगुणतो. तो उशिरा गुणगुणायला लागला की आतून घासायचा. रोज सकाळी आधी राख, मग पाणी, मग विस्तव." तपासनीस सापडला होता. नोंदवही तिच्या कानात होती.

मी तळाच्या मऊ डाखाबद्दल विचारले. काकू हसल्या. "तो तुझ्यामुळे. नरकचतुर्दशीला सगळ्यांच्या आधी उठून तू करवंट्या पेटवल्यास. पाणी कोण घालणार? अण्णा संतापले. मी म्हटलं, मीच विसरले पाणी भरायला." तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि काकू घरात नव्या होत्या. त्या दिवाळीत घरभर थंड पाण्याने अभ्यंगस्नान झाल्याचे मला आठवत होते. बोलणी कुणी खाल्ली, ते आठवत नव्हते. तीस वर्षे मी गावोगावची दप्तरे चाळतो आहे. आमच्याच घरातली ही नोंद माझ्याकडे नव्हती.

बंब मागे पडला तो गीझर आला म्हणून, असे आपण सहज म्हणतो. त्यात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. बंब उघड्या पडवीतला, चारी बाजूंनी वारा असलेल्या जागेतला. न्हाणीघर घरात आले, त्याला दार-खिडकी लागली, तिथे बंबाला जागाच उरली नाही. बंद जागेत विस्तवातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. गॅसच्या गीझरलाही हाच धोका आहे. त्यात डाख लावणारे हात कमी झाले आणि गुणगुण ओळखणाऱ्या बायकांना कुणी काही विचारले नाही.

आमचा बंब आता पेणच्या अंगणात, उघड्यावर आहे. तळाचा डाख नवा आहे. जुन्याचा थोडा भाग कारागिराला मी मुद्दाम ठेवायला सांगितला. या नरकचतुर्दशीला काकू यायच्या आहेत. फोनवर त्यांनी एवढेच विचारले, "पाणी आधी घालशील ना?"