धाड् धाड् धाड्! ब्रिटिश लोकलच्या दरवाजांची गोष्ट

आजच्या भागात आपण लंडनच्या लोकलमध्ये बसणार आहोत. पण दरवाजा जरा जपून हां, कारण आजची सगळी गोष्ट दरवाजाचीच आहे.

आधी थोडं मागे जाऊ. वर्ष 1900. लंडनच्या पोटातून सेंट्रल लंडन रेल्वे सुरू झाली. गाडी विजेची, पण पुढे इंजिन, तेही तब्बल 44 टनांचं! वर रस्त्यावरच्या इमारती थरथरायला लागल्या, लोकांनी तक्रारी केल्या. यावर उपाय अमेरिकेत आधीच सापडला होता. फ्रँक स्प्रेग नावाच्या इंजिनिअरने 1897 मध्ये शिकागोत दाखवून दिलं होतं की वेगळं इंजिन लागतच नाही. मोटरी डब्यांखालीच वाटून टाका आणि सगळ्या मोटरी एकाच केबिनमधून चालवा. 1903 मध्ये सेंट्रल लंडननेही इंजिनं काढून अशा गाड्या आणल्या. यालाच म्हणतात इलेक्ट्रिक मल्टिपल युनिट, म्हणजे ईएमयू. आपली मुंबईची लोकलही त्याच जातीची. ती 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटी ते कुर्ला धावली.

यात फायदा काय? शेवटच्या स्टेशनवर इंजिन फिरवायची भानगड नाही. ड्रायव्हर चालत दुसऱ्या टोकाला जातो आणि गाडी परत निघते. हे गणित सगळ्यात चांगलं कळलं हर्बर्ट वॉकर यांना. त्यांच्या लंडन अँड साउथ वेस्टर्न रेल्वेने 1915 मध्ये वॉटर्लूहून विजेच्या गाड्या सुरू केल्या. वीज डोक्यावरच्या तारेतून नाही, तर रुळांशेजारच्या तिसऱ्या रुळातून. पुढे वॉकर सदर्न रेल्वेचे जनरल मॅनेजर झाले आणि 1 जानेवारी 1933 ला ही वीज थेट ब्रायटनच्या समुद्रापर्यंत पोचली.

आता येऊ दरवाजाकडे. 1915 च्या त्या गाड्या नव्या नव्हत्याच. वाफेच्या गाड्यांचे जुने डबे घेऊन त्यांना मोटरी लावल्या होत्या. त्या डब्यात छोटे छोटे कप्पे, आणि प्रत्येक कप्प्याला दोन्ही बाजूंना स्वतःचा दरवाजा. ही पद्धत सोयीची निघाली. गाडी थांबली की डझनावारी दरवाजे एकदम उघडणार, मिनिटभरात गाडी रिकामी! म्हणून 1967 पासून बांधलेल्या 4व्हीईपी गाड्यांमध्येही जवळपास प्रत्येक बाकाला दरवाजा होता. निघताना लोक ते हाताने आपटून बंद करायचे. धाड् धाड् धाड्! म्हणून नाव पडलं ‘स्लॅम डोअर’.

पण यातली गोम बघा. दरवाजा लागला की नाही, हे प्रवाशाच्या हातावर. गाडी थांबायच्या आधीच लोक दरवाजा उघडून उडी मारायचे. चालत्या गाडीतून कुणी पडायचं, तर कधी उघडलेला दरवाजा फलाटावरच्या माणसाला लागायचा.

आणि दुखणं फक्त दरवाजाचं नव्हतं. हे डबे ‘मार्क 1’ पद्धतीचे. खाली भक्कम लोखंडी सांगाडा, वर त्यामानाने हलकी बॉडी. टक्कर झाली की एका डब्याचा सांगाडा दुसऱ्याच्या वर चढू शकायचा आणि समोरची बॉडी चिरत जायचा.

12 डिसेंबर 1988. क्लॅपहॅम जंक्शनजवळ, ऐन सकाळच्या गर्दीत, एक गाडी पुढच्या गाडीवर मागून आदळली. मग तिसरी, रिकामी गाडीही त्यांना धडकली. 35 माणसं गेली. कारण? सिग्नलच्या कामात एक जुनी वायर तशीच राहिली होती, त्यामुळे सिग्नल लाल व्हायला हवा तेव्हा झाला नाही. अँथनी हिडन यांच्या चौकशीत पुढे आलं की ते काम करणाऱ्या तंत्रज्ञाला 13 आठवड्यांत एकच सुट्टी मिळाली होती. म्हणजे चूक एका हाताची दिसते, पण तो हात कुणी दमवला होता?

1991 मध्ये लंडनच्याच कॅनन स्ट्रीट स्टेशनात गाडी बफरवर आदळली आणि दोघे गेले. जुन्या डब्यांचा प्रश्न पुन्हा वर आला. अखेर 1999 मध्ये नियम आले. मार्क 1 डबे सुधारा नाहीतर काढा, आणि मध्यवर्ती लॉक नसलेले हाताने उघडायचे दरवाजे 2004 च्या शेवटापर्यंत बंद.

बोलणं सोपं होतं. शेकडो डबे बदलायचे होते आणि नव्या गाड्यांना वीजही जास्त लागत होती, म्हणून तिसऱ्या रुळाला वीज देणारी यंत्रणाच वाढवावी लागली. काही गाड्यांना मुदतवाढ मिळाली, पण 2005 संपायच्या आत लंडनच्या मुख्य मार्गांवरची धाड् धाड् थांबली. लिमिंग्टनच्या छोट्या फाट्यावर दोन जुन्या गाड्या 2010 पर्यंत धावल्या, पण त्यांनाही आधी मध्यवर्ती लॉक बसवावं लागलं.

खूप ब्रिटिश रेल्वेप्रेमी आजही त्या गाड्यांसाठी हळवे होतात. खिडकी खाली करता यायची, वारा यायचा. ते खरंच आहे. पण बदल नेमका कशात झाला, ते बघा. आधी दरवाजा नीट लावणं ही प्रवाशाची जबाबदारी होती. नंतर ती रेल्वेची झाली.

मुंबईत 25 डिसेंबर 2017 ला पहिली एसी लोकल आली, आपोआप बंद होणाऱ्या दरवाजांची. बाकी बहुतेक गाड्यांत मात्र आपण अजून दारात लटकतोय, आणि कुणी पडलं की पहिला प्रश्न येतो, ‘तो दारात उभाच का होता?’ तुम्हाला काय वाटतं, हा प्रश्न आधी कुणाला विचारायला हवा? कमेंटमध्ये नक्की लिहा. आणि हा भाग लोकलमध्ये ऐकत असाल, तर जरा आत सरका. भेटू पुढच्या भागात!