झिजणारं जस्त

टॉर्चच्या सेलवर १.५ व्होल्ट असं लिहिलेलं असतं ना, त्या व्होल्टमागे दोन इटालियन प्राध्यापकांचं भांडण आहे. मला या भांडणाचं फार आकर्षण वाटतं, कारण त्यात जिंकलेल्याचंही पूर्ण बरोबर नव्हतं.

बोलोन्याचा लुइजी गॅल्व्हानी शरीरशास्त्राचा माणूस. मेलेल्या बेडकाच्या पायाला दोन धातू जोडून लावले की पाय झटका देतो, हे त्याने पाहिलं. वीज प्राण्याच्या अंगातच असते, असं त्याने १७९१ मध्ये मांडलं. पावियाच्या अलेस्सांद्रो व्होल्टाला हे आधी पटलं, मग पटेना. तो म्हणाला, वीज दोन धातूंच्या स्पर्शातून येते, बेडूक ती फक्त दाखवतो.

मग त्याने बेडूक काढूनच टाकला. चांदी आणि जस्ताच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, अशी चळत रचली आणि मार्च १८०० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र धाडलं. हीच पहिली बॅटरी. गॅल्व्हानी मात्र ती बघायला नव्हता. नव्या राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यायला त्याने नकार दिला, नोकरी गेली आणि डिसेंबर १७९८ मध्ये तो वारला.

पण नुसत्या स्पर्शाने वीज मिळाली असती, तर ती फुकटच झाली की! तसं होत नाही. जस्ताचा प्रत्येक अणू दोन इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात विरघळतो. ते इलेक्ट्रॉन तारेतून चांदीकडे जातात, तिथे पाण्यातला हायड्रोजन ते घेतो. म्हणजे वीज मिळते ती जस्त झिजतं म्हणून. १८३० च्या दशकात फॅरडेच्या प्रयोगांनी हा रासायनिक हिशोब पक्का केला. आणि गॅल्व्हानी? प्राण्यांच्या अंगात वीज असतेच. ईसीजी काढतात तो तिचाच.

धातू न झिजवता वीज मिळेल का? विल्यम ग्रोव्हने १८३९ च्या सुमारास प्लॅटिनमच्या पट्ट्यांवर हायड्रोजन आणि ऑक्सिजनचा संयोग घडवला. वीज मिळाली आणि वर पाणी. हा फ्युएल सेल. यात झिजतं ते इंधन, आणि ते बाहेरून घालत राहता येतं.

अपोलो यानांत हेच सेल होते. अंतराळवीर त्यातलं पाणी पीत. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ ची ऑक्सिजनची टाकी फुटली आणि सेल बंद पडत गेले. तिघे जण चंद्रावर उतरायच्या यानात शिरले, तिथल्या बॅटऱ्यांवर दिवस काढले आणि सुखरूप परतले. त्या बॅटऱ्या चांदी-जस्ताच्या होत्या. रसायन व्होल्टाच्या चळतीपेक्षा थोडं वेगळं, पण झिजत होतं ते जस्तच.