नाटककार हिराबाई पेडणेकर

नांदेड-लातूरच्या माणसाला माळेगावची जत्रा सांगावी लागत नाही. वाघ्या-मुरळीची गाणी आपण रात्र रात्र ऐकतो. पण मुरळी गाते एवढंच आपल्याला ठाऊक. ती गाणं रचतही असेल, हे मनात येत नाही. हिराबाई पेडणेकरांच्या वाट्याला असंच काहीसं आलं, म्हणून आज त्यांच्याविषयी बोलतो.

हिराबाई १८८५ साली सावंतवाडीच्या एका नायकिणीच्या घरात जन्मल्या आणि मुंबईत, गिरगावात राहिल्या. भास्करबुवा बखले यांच्याकडे गाणं शिकल्या. त्यांच्याकडे गाणं ऐकायला येणाऱ्यांत लेखकमंडळी असत. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी तर त्यांना लेखनात मार्गदर्शनही केलं. १९०४ साली, अवघ्या एकोणिसाव्या वर्षाच्या आसपास, त्यांनी 'जयद्रथ विडंबन' लिहिलं. पुढे 'संगीत दामिनी'. हे नाटक केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीनं १९१२ साली रंगभूमीवर आणलं.

आता बघा, नाटक बाईनं लिहिलेलं, पण त्यातल्या बायकांची कामं करणार पुरुष नट! घरंदाज बाईनं तोंडाला रंग लावणं घरच्यांना चालत नव्हतं, आणि नायकिणीनं लावला तर कंपनीची अब्रू जायची. लेखणी धरलेली बाई मात्र प्रेक्षकांना दिसत नाही. मला वाटतं, म्हणूनच ते खपून गेलं.

लगेच १९१३ मध्ये गिरिजाबाई केळकरांचं 'पुरुषांचे बंड' आलं. खाडिलकरांच्या 'बायकांचे बंड'ला खणखणीत उत्तर. १९२८ साली गिरिजाबाई नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षा झाल्या. मान रास्तच होता, त्यात शंका नको. पण त्या प्रतिष्ठित घरातल्या गृहिणी होत्या. हिराबाई तेव्हा हयात होत्या. त्या खुर्चीसाठी त्यांचं नाव कुणी घेतलं असतं का?

मुंबई सोडून हिराबाई गुहागरजवळच्या पालशेतला जाऊन राहिल्या. १९५१ साली वारल्या. पुढे वसंत कानेटकरांनी त्यांच्या आयुष्यावर 'कस्तुरीमृग' हे नाटक लिहिलं. आज ज्यांना हिराबाई माहीत आहेत, त्यातल्या पुष्कळांना त्या याच नाटकातून माहीत आहेत. म्हणजे नाटककार बाई दुसऱ्याच्या नाटकातलं पात्र होऊन उरली.

इथं मराठीचे विद्यार्थी बरेच दिसताहेत. उद्या आपापल्या कॉलेजच्या ग्रंथालयात 'दामिनी' मागून बघा. मिळालं तर मला जरूर कळवा.