बाहेरून मिळालेली पहिली आज्ञा

१९ जुलै २०२४ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या अमेरिकी कंपनीने आपल्या ‘फाल्कन’ नामक सुरक्षा-प्रणालीसाठी एक छोटी फाइल जगभर धाडली. त्या फाइलने वाचण्यास सांगितलेल्या क्षेत्रांची संख्या २१ होती, प्रत्यक्षात पुरवलेली मूल्ये २० होती. एकविसाव्याच्या शोधात प्रणालीने स्मृतीतील भलत्याच ठिकाणी हात घातला आणि विंडोजवर चालणारी यंत्रे निळा पडदा दाखवून थांबली. ७८ मिनिटांत कंपनीने ती फाइल मागे घेतली. परंतु तोवर, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले होते.

भारतात त्या दिवशी विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. दिल्लीच्या विमानतळावर कोणते विमान कोणत्या दारातून सुटणार हे पांढऱ्या फळ्यावर लिहिले जात होते. रिझर्व्ह बँकेच्या निवेदनानुसार १० बँका व वित्तसंस्थांना किरकोळ अडचण आली. राष्ट्रीय सूचना केंद्राच्या जाळ्यावर परिणाम झाला नसल्याचे सरकारने सांगितले. एकंदरीत देश थोडक्यात निभावला.

या घटनेविषयी पुष्कळ लिहिले गेले, ते बहुतेक मक्तेदारीविषयी आणि चाचण्यांतील हलगर्जीविषयी. तिच्यातील दुसरी बाब मात्र दुर्लक्षित राहिली. चूक ७८ मिनिटांत सुधारली गेली, तरी यंत्रे सावरायला कित्येक दिवस का लागले? फाल्कनचा चालक-घटक यंत्र सुरू होतानाच, अगदी आरंभीच्या टप्प्यात, स्मृतीत उतरतो. यंत्र सुरू व्हावे, त्याने ती सदोष फाइल वाचावी, कोसळावे, पुन्हा सुरू व्हावे, पुन्हा कोसळावे, असे ते चक्र होते. सुधारित फाइल घ्यायची तर यंत्राने जाळ्यापर्यंत पोहोचले पाहिजे, आणि बहुसंख्य यंत्रे तिथवर पोहोचण्याआधीच पडत होती. औषध तयार होते, ते गिळण्याइतकी शुद्ध रुग्णाला नव्हती.

भारतीय दर्शनांच्या वादविवादांत एक जुना दृष्टांत येतो: नट कितीही निष्णात असो, त्याला स्वतःच्या खांद्यावर चढता येत नाही. इंग्रजीत हीच अशक्यता बुटाच्या मागील पट्टीला धरून स्वतःला उचलण्याच्या कल्पनेने सांगतात. ‘बूट’ हा संगणकीय शब्द तिथूनच आला. संगणकाला काही करायचे तर आज्ञावली स्मृतीत हवी. ती स्मृतीत आणण्याचे कामही आज्ञावलीनेच व्हायचे. मग पहिली आज्ञावली आणणार कोण?

केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांच्या मार्गदर्शनाखाली बांधलेला एडसॅक हा संगणक ६ मे १९४९ रोजी प्रथम चालला. त्याची स्मृती पाऱ्याच्या नळ्यांत फिरणाऱ्या ध्वनिस्पंदांची होती. वीज गेली की सारे पुसले जाई. डेव्हिड व्हीलर या तरुण संशोधकाने ३१ आज्ञांचा एक संच रचला आणि तो टेलिफोन एक्स्चेंजमधील फिरत्या यांत्रिक स्विचांवर तारांनी कायमचा जोडून ठेवला गेला. कळ दाबताच ते स्विच फिरत, ३१ आज्ञा स्मृतीत उतरत आणि मग त्या आज्ञा कागदी फितीवरील उरलेला मजकूर वाचून घेत. ३१ आज्ञांत हे बसवणे ही असामान्य कारागिरी होती. महत्त्वाचे हे की ती पहिली ठिणगी स्मृतीच्या बाहेर, तांब्याच्या तारांत राहत होती. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली घडलेला आणि १९६० मध्ये कार्यान्वित झालेला टिफ्रॅकही कागदी फितीवरूनच आज्ञा घेत असे.

पुढच्या दोन दशकांत ही ठिणगी तारांतून चिपांत आली. फ्लॉपी डिस्क ही कागदपत्रे साठवण्यासाठी जन्मली, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक १९७१ मध्ये आयबीएमने बाजारात आणलेली ८ इंची फ्लॉपी केवळ वाचण्याजोगी होती आणि तिची क्षमता सुमारे ८० किलोबाइट होती. सिस्टिम/३७० या महासंगणकांना सुरू होताना लागणारा मूलभूत मायक्रोकोड बाहेरून भरण्यासाठी ती घडवली गेली. म्हणजे ‘बाहेरून सुरू करणारी तबकडी’ हा फ्लॉपीचा दुय्यम उपयोग नव्हता, तो तिचा जन्महेतू होता.

१९८१ च्या आयबीएम पीसीने हा प्रघात घरोघरी नेला. यंत्रातील कायमस्वरूपी चिप तबकडीचा पहिला ५१२ बाइटांचा तुकडा उचलून स्मृतीत ठेवी, शेवटच्या दोन बाइटांत ठरावीक खूण आहे का ते पाही आणि असल्यास बाकीचे सारे त्या तुकड्यावर सोपवी. हार्ड डिस्कवर या ५१२ पैकी ४४६ बाइट आज्ञांसाठी, ६४ विभागांच्या नोंदीसाठी आणि २ त्या खुणेसाठी. तुकडा कोणी लिहिला, त्याचा हेतू काय, याची विचारणा होत नसे. खूण जुळली की सत्ता हस्तांतरित.

हा भोळेपणा लवकरच उघड झाला. १९८६ मध्ये लाहोरमधील दोन बंधूंनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा पीसीवरील पहिला ज्ञात विषाणू याच पहिल्या तुकड्यात जाऊन बसे. आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरची चोरटी नक्कल रोखण्यासाठी तो लिहिल्याचे त्यांनी सांगितले आणि विषाणूच्या आत स्वतःचे नाव-पत्तेही ठेवले. आजच्या गुन्हेगारांच्या तुलनेत हा शिष्टाचार विलक्षणच म्हणायचा! ज्या दारातून वैद्य येतो त्याच दारातून रोगही येतो, हे तंत्रज्ञांना तेव्हा कळले आणि त्याचे परिणाम आजवर भोगावे लागत आहेत.

तरीही दुरुस्तीसाठी त्या दाराला पर्याय नव्हता. विंडोज ९५ व ९८ च्या काळात १.४४ मेगाबाइटची ‘स्टार्टअप डिस्क’ ही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून दिल्लीच्या नेहरू प्लेस आणि चेन्नईच्या रिची स्ट्रीटपर्यंत प्रत्येक दुरुस्तीवाल्याच्या खिशातील वस्तू होती. १९९५ मध्ये सीडीवरून यंत्र सुरू करण्याचे प्रमाण ठरले. त्याला ‘एल टोरिटो’ हे नाव एका उपाहारगृहावरून पडल्याचे सांगतात. २००० साली जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी सुमारे २ गिगाबाइट सॉफ्टवेअर आकुंचित करून ७०० मेगाबाइटच्या सीडीत बसवले, आणि हार्ड डिस्कला स्पर्शही न करता चालणारी ‘क्नॉपिक्स’ ही संपूर्ण लिनक्स प्रणाली सिद्ध झाली. मृत यंत्रातील कागदपत्रे वाचवण्यासाठी तिचा जगभर उपयोग झाला. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने २००७ पासून ‘बॉस’ ही भारतीय भाषांना अनुकूल लिनक्स प्रणाली दिली. तीही अशीच बाहेरून चालवून पाहता येते.

सीडीला एक मर्यादा होती: एकदा लिहिली की बहुधा कायमची. यूएसबीने ती दूर केली. इंटेलमध्ये यूएसबीच्या घडणीचे नेतृत्व करणाऱ्यांत अजय भट्ट हे अग्रणी. त्यांचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले. जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीचे पहिले प्रमाण प्रसिद्ध झाले. २००० साली सिंगापूरच्या ट्रेक कंपनीचा ‘थंबड्राइव्ह’ आणि इस्रायलच्या एम-सिस्टिम्सने घडवलेला ८ मेगाबाइटचा ‘डिस्कऑनकी’ बाजारात आले. आरंभीच्या संगणकांना हे नवे पाहुणे ओळखता येत नसत. म्हणून ते आपण हार्ड डिस्क, फ्लॉपी किंवा झिप डिस्क असल्याची बतावणी करीत. जुन्या संगणकांच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी-झिप’ असा चमत्कारिक पर्याय दिसे, तो या बतावणीचाच अवशेष.

पेनड्राइव्हच्या पोटातील पदार्थविज्ञान येथे सांगणे अगत्याचे आहे, कारण त्यावरच त्याचा भरवसा अवलंबून आहे. १९६७ मध्ये बेल प्रयोगशाळेत डॉन कांग आणि सायमन झी यांनी ‘फ्लोटिंग गेट’ची कल्पना मांडली: सिलिकॉनचे एक सूक्ष्म बेट, चहूबाजूंनी काचेसारख्या ऑक्साइडने वेढलेले. नेहमीच्या व्होल्टेजला त्या बेटावर ना इलेक्ट्रॉन जाऊ शकतो ना तेथून निसटू शकतो. विद्युत्क्षेत्र पुरेसे तीव्र केले तर मात्र इलेक्ट्रॉन ऑक्साइडच्या भिंतीतून आरपार जातो, म्हणजे क्वांटम टनेलिंग होते. धातूंतून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांसाठी फाउलर आणि नॉर्डहाइम यांनी १९२८ मध्ये हे गणित केले होते. तोशिबातील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात यातून फ्लॅश स्मृती घडवली. बेटावर अडकलेला विद्युत्भार म्हणजे नोंद. वीज गेली तरी ती राहते. पण कायमची नव्हे. भिंत अत्यंत पातळ असल्याने भार अल्पप्रमाणात झिरपत असतो, उष्णतेत अधिक, आणि वारंवार लेखन-पुसणीने झिजलेल्या ड्राइव्हमध्ये त्याहून अधिक.

आता असा ड्राइव्ह बनवताना नेमके काय घडते? नवशिक्याची सर्वांत सामान्य फसगत अशी की तो उतरवून घेतलेली आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर जशीच्या तशी चिकटवतो. तसे केल्याने पेनड्राइव्हवर एक मोठी फाइल येते, यंत्र सुरू होत नाही. पुस्तकाची पेटी बंद ठेवून कपाटात ठेवली तर पुस्तक वाचले जात नाही, तसेच. आयएसओ ही एका संपूर्ण तबकडीची प्रतिमा असते. ती उलगडून, विभागांच्या नोंदींसह, ड्राइव्हवर लिहावी लागते. २०११ पासून उपलब्ध असलेले ‘रूफस’ किंवा लिनक्समधील ‘डीडी’ ही आज्ञा हे काम करते. ‘व्हेंटॉय’ हे साधन निराळ्या वाटेने जाते: ड्राइव्हवर एकदा त्याची स्थापना केली की आयएसओ फाइली खरोखरच नुसत्या चिकटवता येतात आणि आतील निवड तेच करते. अशा लेखनात किंवा स्थापनेत ड्राइव्हवरील पूर्वीचा मजकूर पुसला जातो. डीडी वापरताना चुकीच्या डिस्कचे नाव दिले तर ती डिस्कही तितक्याच तत्परतेने पुसली जाते.

आधुनिक संगणकांत ५१२ बाइटांच्या जुन्या पद्धतीची जागा यूईएफआयने घेतली आहे. ही व्यवस्था ड्राइव्हवरील फॅट३२ पद्धतीचा विभाग स्वतः वाचते आणि ठरावीक फोल्डरातील ठरावीक नावाची फाइल चालवते. फॅट३२ मध्ये एकच फाइल ४ गिगाबाइटपर्यंत पोहोचू शकत नाही आणि विंडोजच्या स्थापनेची मुख्य फाइल अलीकडे त्याहून मोठी असते. म्हणून ती तोडून लिहावी लागते, नाहीतर ड्राइव्ह सुरू होतो पण स्थापना अर्ध्यावर अडते.

जुलै २०२४ मध्ये याच मार्गाने सुटका झाली. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच एक साधन प्रसिद्ध केले. ते १ ते ३२ गिगाबाइटच्या यूएसबी ड्राइव्हवर विंडोजची एक लघुप्रणाली लिहीत असे. तंत्रज्ञाने ड्राइव्ह लावायचा, यंत्र त्यावरून सुरू करायचे, सदोष फाइल आपोआप पुसली जायची, पुढच्या यंत्राकडे जायचे. प्रत्येक यंत्राला हाताने, एकेक करून. २९ जुलैपर्यंत क्राउडस्ट्राइकच्या सांगण्यानुसार सुमारे ९९ टक्के यंत्रे परत आली होती.

पण खरी कोंडी दुसरीकडेच झाली. कार्यालयीन संगणकांच्या डिस्क बहुधा बिटलॉकरने कुलूपबंद असतात आणि बाहेरून यंत्र सुरू केल्यास ४८ अंकी पुनर्प्राप्ती-क्रमांक द्यावा लागतो. हे कुलूप योग्यच आहे. तसे नसते तर पेनड्राइव्ह बाळगणारा कोणीही कोणत्याही लॅपटॉपमधील सारे वाचू शकला असता. परंतु काही संस्थांमध्ये ते क्रमांक ज्या सर्व्हरवर ठेवले होते तो सर्व्हरही त्याच निळ्या पडद्यावर थांबलेला होता. किल्ली घरात आणि दार बाहेरून बंद! दुरुस्तीचा ड्राइव्ह तयार ठेवण्याचा सल्ला आता सर्वच देतात. हा क्रमांक त्याच यंत्राच्या बाहेर, प्रसंगी कागदावर, असावा हा सल्ला त्याहून मोलाचा आहे आणि तो क्वचितच दिला जातो.

ड्राइव्ह एकदा बनवून खणात टाकून देणेही पुरेसे नाही. ‘ब्रेन’ने दाखवलेल्या धोक्यावर उत्तर म्हणून आलेली ‘सिक्युअर बूट’ व्यवस्था केवळ मान्यताप्राप्त डिजिटल स्वाक्षरी असलेल्या आरंभ-फाइलीच चालू देते. २०२३ मध्ये उघडकीस आलेल्या ‘ब्लॅकलोटस’ने जुन्या, पण वैध स्वाक्षरीच्या फाइलींतील दोषाचा वापर करून ती ओलांडली. त्यामुळे जुन्या स्वाक्षऱ्या टप्प्याटप्प्याने रद्द करण्याचे काम मायक्रोसॉफ्टने हाती घेतले. शिवाय २०११ च्या मूळ प्रमाणपत्रांची मुदतही जून २०२६ पासून संपू लागते. ज्या यंत्रात जुनी स्वाक्षरी रद्द झाली आहे ते काही वर्षांपूर्वी बनवलेला विंडोजचा दुरुस्ती-ड्राइव्ह स्वीकारत नाही. तो ड्राइव्ह सुस्थितीत असतो, यंत्रही सुस्थितीत असते, फक्त ओळख पटत नाही. त्यात उन्हाळ्यातल्या खणात झिरपणारा विद्युत्भार आहेच. म्हणून जाणते तंत्रज्ञ वर्षातून एकदा तरी ड्राइव्ह नव्याने लिहितात आणि त्यावरून एखादे चांगले चालणारे यंत्र सुरू करून पाहतात.