चेकवरच्या दोन रेघा आणि बाबांचं खातं

आज आधी घरची गोष्ट सांगतो, मग इतिहासात शिरू.

गेल्या वर्षी बाबांची बॅग एसटीत चोरीला गेली. आत चेकबुक होतं. त्यातला एक चेक सही करून ठेवलेला, बाकी कोरा. सोसायटीला द्यायचा होता, म्हणे. मी म्हटलं, "बाबा, आत्ताच बँकेला कळवू." तर म्हणाले, "अरे, रात्र झालीये, सकाळी बघू." सकाळी आम्ही निघेपर्यंत मेसेज आला. ४६ हजार गेले होते. सही बाबांचीच, त्यामुळे पैसे परत मिळाले नाहीत.

बाबा आठवडाभर नीट जेवले नाहीत. मी मात्र वाचत सुटलो. आपल्याआधी कुणी असा फसला असेल का?

फसलाय तर! १८२७ सालचा इंग्लंडमधला खटला आहे. एक गृहस्थ कोऱ्या चेकांवर सह्या करून बायकोकडे देऊन गावाला गेले. तिने कारकुनाकडून एक चेक ५० पौंड २ शिलिंगचा भरून घेतला. कारकुनाने आकड्याआधी मुद्दाम जागा सोडली होती. नंतर तिथे 'तीनशे' घुसवले आणि ३५० पौंड उचलले! कोर्ट म्हणालं, हलगर्जी खातेदाराची, तोटाही त्याचाच. बाबांना हे वाचून दाखवलं, तर पहिल्यांदा थोडं हसले.

चेकच्या कोपऱ्यात आपण दोन तिरक्या रेघा मारतो ना? त्या मारल्या की पैसे रोख मिळत नाहीत, बँक खात्यातच जातात. १८५७ मध्ये एका चोराने चोरलेल्या चेकवरची ही खूणच पुसून टाकली आणि पैसे काढले. कोर्टाने ठरवलं की रेघा हा चेकचा भागच नाही, त्यामुळे बँक दोषी नाही. लोक खवळले असणार, कारण १८५८ मध्ये कायदाच बदलला. रेघा चेकचा महत्त्वाचा भाग ठरल्या. आपल्याकडे १८८१ च्या कायद्यातही त्या आल्या. म्हणजे बघा, त्या रेघांमागे कुणाचे तरी बुडालेले पैसे आहेत.

आणि आपल्याकडे हे शहाणपण हुंडीतही होतं. चेक 'वटला' हा शब्द मुळात हुंडीचाच. 'शहाजोग' हुंडीचे पैसे कुणाही सोम्यागोम्याला मिळायचे नाहीत, बाजारात पत असलेल्या व्यापाऱ्यामार्फतच मिळायचे. हुंडी चोरीची निघाली, तर पैसे परत करायची जबाबदारी त्या व्यापाऱ्यावर. हुंडी हरवली तर दुसरी प्रत मिळायची, तिला म्हणत 'पेठ'. (पुण्यातली नाही हां!) पेठही हरवली तर 'परपेठ'.

मग बाबांना नुसतं नवं चेकबुक का नाही पुरलं? हुंडी एका व्यवहारापुरती असायची. चेकवर मात्र आपला कायमचा खाते क्रमांक छापलेला असतो. चोरीला गेलेल्या चेकांचे नंबर सांगून 'स्टॉप पेमेंट' करता येतं, ते आम्ही केलं. पण क्रमांक आणि सही दोन्ही चोराने पाहिलेत. उद्या त्याने वेगळ्या नंबरचा बनावट चेक छापला तर? २०२१ पासून 'पॉझिटिव्ह पे' आहे. ५० हजार आणि त्यावरच्या चेकचा तपशील आपण आधीच बँकेला कळवायचा, बँक तो ताडून बघते. पण आमचे गेले ४६ हजार! म्हणून ठरवलं, खातंच बदलायचं.

इथे घाई करू नका, बरं का. जुनं खातं लगेच बंद केलं आणि आधी दिलेला एखादा चेक नंतर आला, तर तो परत जातो. 'खातं बंद' म्हणून परत गेलेला चेकसुद्धा चेक बाउन्सच्या गुन्ह्यात बसतो, असं सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्येच सांगितलंय.

आम्ही आधी नवं खातं उघडलं. मग जुन्या खात्याचं वर्षभराचं स्टेटमेंट काढून यादी केली: पेन्शन, विम्याचा हप्ता, म्युच्युअल फंडाची एसआयपी, गॅसची सबसिडी, वीजबिल. एकेक हलवत गेलो. बाहेर दिलेले सगळे चेक वटले, नव्या खात्यात पेन्शन आली, तेव्हा जुनं बंद केलं. जवळजवळ तीन महिने गेले. २२ वर्षांचं खातं होतं. बाबांनी जुनं पासबुक काही फेकू दिलं नाही.

आता ते चेक हातात घेतला की आधी दोन रेघा मारतात, मग नाव लिहितात, मग रक्कम. सही सगळ्यात शेवटी.

तुमच्या घरात, कपाटात, सही करून ठेवलेला कोरा चेक आहे का? आत्ता पॉज करा, आईबाबांना विचारा. मी थांबतो. भेटू पुढच्या भागात!